जुनं पिस्तूल, नवं पिस्तूल : ट्रिगरची तुलना मोजून कशी करायची

सेकंड-हँड एअर पिस्तूल बघायला गेलं की विकणारा हमखास म्हणतो, "जुन्याचा ट्रिगर कसा लोण्यासारखा आहे बघा, नव्यात ती मजा नाही." नवं मॉडेल विकणारा याच्या नेमकं उलट सांगतो. दोघंही मनापासून बोलत असतात, पण काट्यावर वजन कोणीच घातलेलं नसतं. कापूस विकताना आपण काट्याकडे डोळे लावून उभे राहतो आणि लाखाच्या पुढचं पिस्तूल मात्र बोटाच्या अंदाजावर घेतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नेमबाजाची अडचण आणखी एक आहे. एकाच पिस्तुलाच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघायला इथे क्वचितच मिळतात. त्यासाठी पुण्याला बालेवाडी किंवा मुंबईला वरळी गाठावी लागते आणि तिथेही हातात जेमतेम अर्धा दिवस असतो. तेवढ्या वेळात काय मोजायचं, कोणत्या क्रमाने मोजायचं आणि कशाला भुलायचं नाही, ते पुढे दिलं आहे.

हे सगळं १० मीटर स्पर्धेच्या ४.५ मिमी एअर पिस्तुलाबद्दल आहे. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर हत्याराला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचं पेलेट (शिशाचा छर्रा) सेकंदाला १५० मीटरच्या आसपास सोडतं, म्हणजे साधारण साडेपाच ज्यूल. तरी डोळा जायला तेवढी ताकद पुरून उरते. त्यामुळे प्रत्येक चाचणीआधी पेलेट काढलेलं आहे हे स्वतः बघा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि मगच पिस्तूल दुसऱ्याच्या हातात द्या.

आधी शब्द नक्की करा

"ट्रिगर चांगला आहे" या वाक्यातून काहीच कळत नाही. चांगलं काय, ते तोडून बघावं लागतं.

बोट ठेवून ट्रिगर मागे येऊ लागतो तो पहिला टप्पा, फर्स्ट स्टेज. मग बोटाला एक अडसर लागतो, त्याला नेमबाज भिंत म्हणतात. भिंतीवर आणखी थोडा जोर दिला की शॉट सुटतो. भिंतीपासून सुटेपर्यंत ट्रिगर जेवढा सरकलेला जाणवतो ती क्रीप. सुटल्यानंतर तो जेवढा मागे धावतो तो ओव्हरट्रॅव्हल. शिवाय ट्रिगरच्या पट्टीला डावीकडे-उजवीकडे खेळ आहे का, आणि बोट सैल केल्यावर ती दर वेळी त्याच जागी परत येते का, हेही बघायचं.

आता वजन. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमाने १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. वजन मोजताना नळी उभी धरतात, वजन ट्रिगरच्या मध्याजवळ टांगतात आणि सपाट पृष्ठभागावरून ते उचलतात. उचलण्याचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन. हवेचा चार्ज (पेलेट ढकलणारी दाबाची हवा) चालू असावा लागतो, नुसत्या ड्राय-फायरवरचं, म्हणजे हवा न सोडता फक्त ट्रिगर ओढतानाचं, वजन धरत नाहीत. म्हणून घरीही याच पद्धतीने मोजा. ड्राय-फायरला ५१० भरणारं पिस्तूल खऱ्या चार्जवर तेवढंच भरेल असं गृहीत धरू नका, कारण काही रचनांमध्ये दोन्ही वेळी सिअरवर, म्हणजे शॉट सुटेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या भागावर, येणारा भार वेगळा असतो.

आवृत्ती बदलली म्हणजे नेमकं काय बदललं

"जुनं" या शब्दात तीन वेगळ्या पिढ्या कोंबल्या जातात.

पहिली पिढी स्प्रिंग-पिस्टनवाली. हिचा नमुना म्हणजे १९६५ सालचं फाइनवेर्कबाऊ ६५. बाजूची लांब लिव्हर ओढून स्प्रिंग ताणायची, शॉट सुटताना पिस्तुलाचा वरचा भाग रुळावर मागे सरकतो आणि धक्का खाऊन टाकतो. याच्या ट्रिगरला ५०० आणि १३६० ग्रॅम अशी बदलायची सोय होती, कारण त्या काळी जड ट्रिगरच्या स्पर्धेचा सराव याच पिस्तुलावर करता यायचा. जुन्या पिस्तुलाचा ट्रिगर "दगडासारखा" वाटला तर शिव्या देण्याआधी वजन बदलायचा खटका कुठे आहे ते बघा. या पिढीत ट्रिगर स्वच्छ सुटतो, पण शॉट सुटल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत पिस्टनला हलायला वेळ लागतो. हाताची चूक तेवढ्या वेळात लक्ष्यावर उमटते आणि दोष ट्रिगरच्या माथी बसतो.

दुसरी पिढी आधी भरलेल्या हवेची, म्हणजे सिलिंडरवाली. स्टायर एलपी १० आणि त्यानंतरचं ईव्हीओ १०, वॉल्थर एलपी ३००, मग ४००, मग ५००, ही घराणी इथली. आज आपल्याकडे तुलना बहुतेक याच पिढीतल्या दोन भावंडांची होते. या भावंडांत मूळ कल्पना तीच राहते: दोन टप्पे, वेगवेगळ्या स्क्रूंनी फिरणारे. बदल होतात ते सिअरच्या आकारात, ट्रिगर ज्या खिळीवर फिरतो तिच्या बसवणीत (काही नव्या मॉडेलांत तिथे बॉल बेअरिंग असतं), पट्टी पुढे-मागे-तिरपी करण्याच्या सोयीत आणि धक्का शोषणाऱ्या यंत्रणेत. शेवटची गोष्ट ट्रिगरची नाहीच, पण बोटाला फरक तिचाच जाणवतो. शॉटनंतर पिस्तूल कमी उडी मारतं आणि आपण म्हणतो, "ट्रिगर सुधारला."

तिसरी इलेक्ट्रॉनिक. हिला सरसकट "नवी" म्हणायची सवय सोडा. फाइनवेर्कबाऊ ९० हे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल १९८०च्या दशकातलं आहे आणि मोरिनीचं सीएम १६२ ईआय १९९०च्या दशकापासून रेंजवर दिसतं. इथे बोट फक्त एक संपर्क जोडतं, हॅमर (हवेची झडप उघडणारा हातोडा) सोडायचं काम वीज करते. सिअरची धार झिजणं हा प्रकार बोटाला कळतच नाही, म्हणून वीस वर्षं जुना इलेक्ट्रॉनिक ट्रिगर कोऱ्यासारखा लागू शकतो. त्याचं म्हातारपण दिसतं बॅटरीच्या कप्प्यातल्या हिरव्या गंजात, तुटायला आलेल्या वायरीत आणि सर्किटमध्ये. यांत्रिक ट्रिगर बिघडताना आधी कुरकुर करतो. इलेक्ट्रॉनिक बहुधा एकदमच गप्प होतो.

मोजायची तयारी

पाहिजे काय, तर ५०० ग्रॅमचं टांगायचं वजन, बारीक भर घालायची सोय आणि एक स्प्रिंग किंवा डिजिटल ट्रिगर गेज. गेज नसेल तर वजनावर भागतं, नुसत्या गेजवर मात्र भागत नाही. हात जरा वेगाने ओढला गेला की गेज २०-३० ग्रॅम इकडेतिकडे दाखवतं.

वजन घरी बनवता येतं. जाड लोखंडी सळईचा वीतभर तुकडा घ्या, वरच्या टोकाला ट्रिगरवर बसेल असा आकडा वाकवा, खाली पत्र्याची लहान डबी पक्की करा. आकड्याची ट्रिगरला टेकणारी कड निमुळती ठेवा. फिरणारी चकती किंवा रोलर लावू नका, नियमात ते चालत नाही आणि वजनही वेगळं येतं. सगळं मिळून ४८० ग्रॅमच्या आसपास जमवा आणि सराफाकडे नेऊन तोला. जळगावात चांगल्या काट्याची वानवा नाही, सोनं मोजणाऱ्या काट्यापुढे आपल्या गरजेचा एक ग्रॅम म्हणजे फारच ढोबळ. किराणा दुकानातलं ५०० ग्रॅमचं माप तपासल्याशिवाय वापरू नका. त्यात पाच ग्रॅमची खोट असली तर साखरेत कोणी विचारत नाही, इथे मात्र स्पर्धेबाहेर जाल.

बारीक भर घालायला पेलेटच वापरा. स्पर्धेचं पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचं असतं (०.४५ ते ०.५३), म्हणजे डबीत दहा पेलेट टाकली की पाच ग्रॅम वाढले. आपल्या पेलेटची शंभर नगं एकदा तोलून घेतली की हिशेब पक्का. शिसं आहे, हाताळल्यावर हात धुवा.

आता पिस्तुलांची तयारी, आणि इथेच बहुतेक तुलना फसते. एक पिस्तूल मालकाने पाच वर्षं स्वतःच्या बोटाला लावून घेतलेलं असतं, दुसरं खोक्यातून आत्ता काढलेलं असतं. मग जी तुलना होते ती दोन सेटिंगांची असते. म्हणून तीन गोष्टी सारख्या करा. ट्रिगरची पट्टी अशा जागी आणा की दोन्ही पिस्तुलांत पहिल्या पेराचा मांसल भाग त्याच ठिकाणी टेकेल. अंगठ्याच्या बेचक्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा, दोन-तीन मिमीच्या फरकानेही बोट सरळ मागे न येता कडेला ढकलू लागतं. मूठ हाताला सारखीच घट्ट बसते का बघा, कारण सैल मुठीत सगळेच ट्रिगर जड लागतात. आणि मूळ सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक स्क्रूची जागा लिहून ठेवा: कुठल्या बाजूला, किती पाव फेरे.

प्रत्यक्ष मोजणी

एक. सेफ्टी फ्लॅग काढा, पिस्तुलाला चार्ज द्या, पेलेट घालू नका, नळी वर करून उभी धरा. आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवा, वजन टेबलावर टेकलेलं असू द्या आणि पिस्तूल सावकाश वर उचला. धक्का देऊ नका, वजन झुलू देऊ नका. उचललं गेलं तर पाच ग्रॅम वाढवा. ज्या वजनाला शॉट सुटतो त्याच्या आधीचा आकडा लिहा. हे दहा वेळा करा.

स्प्रिंग-पिस्टनच्या पिस्तुलाला ही रीत लावू नका. पेलेटशिवाय सोडलं तर पिस्टनला पुढे हवेची उशी मिळत नाही आणि सीलचं नुकसान होतं. पेलेट घालून नळी वर धरायचा तर प्रश्नच नाही. तिथे गेज वापरा, पिस्तूल आडवं धरून, पेलेट लक्ष्यावर सोडत. लिव्हर उघडी असताना ट्रिगरला हात लावायचा नाही, बोटं चिरडतात.

दोन. दहा आकड्यांची सरासरी काढा, पण बघा मात्र सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातलं अंतर. हे अंतर म्हणजे ट्रिगरची खरी जात. ५२० ग्रॅमचा ट्रिगर दहाही वेळा ५१५ ते ५२५ मध्ये सुटत असेल तर तो उत्तम. सरासरी तीच, पण एकदा ५०० आणि एकदा ५४५, असा ट्रिगर बोटाला कितीही गोड लागो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एवढा पसरट आकडा आला की कारण बहुधा घाणीत, सैल खिळीत किंवा झिजलेल्या सिअरमध्ये सापडतं.

तीन. पहिला टप्पा वेगळा मोजा. ४८० ग्रॅमचं वजन इथे जड पडतं, म्हणून तसंच हलकं वजन घेऊन ३०० ग्रॅमपासून सुरू करा, दहा-दहा ग्रॅम वाढवत जा आणि कोणत्या वजनाला ट्रिगर भिंतीपर्यंत येऊन थांबतो ते लिहा. एकूण वजनातून हा आकडा वजा केला की दुसरा टप्पा मिळाला. एकूण ५१५ असेल तर ३८० अधिक १३५ ही वाटणी पुष्कळांना रुचते. एका पिस्तुलात ही वाटणी ४५० अधिक ६५ असेल आणि दुसऱ्यात ३०० अधिक २१५, तर एकूण वजन तेच असूनही पहिलं "हलकं" आणि दुसरं "जड" वाटेल. जुन्या-नव्याचे अर्धे वाद इथेच मिटतात. दोन्हींची वाटणी सारखी करा आणि मग पुन्हा बोट लावा.

चार. क्रीप. ड्राय-फायरवर, डोळे मिटून, भिंतीपासून पुढे इतकं सावकाश दाबा की सुटायला पाच-सहा सेकंद लागतील. बोटाला काय लागतं ते एका शब्दात लिहा: काहीच नाही, गुळगुळीत सरक, की खरखर. गुळगुळीत सरक हा दोष असेलच असं नाही, काही नेमबाज ती मुद्दाम ठेवतात. खरखर मात्र घाणीची किंवा झिजेची खूण आहे.

पाच. ओव्हरट्रॅव्हल. शॉट सुटल्यावर बोट तसंच दाबून धरा आणि पुढच्या माशीकडे (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे) बघा. ट्रिगर थांब्यावर आपटताना माशी हलली तर थांबा फार मागे आहे किंवा अगदीच चिकटून आहे. थांबा जास्त पुढे घेतला की कधी कधी शॉट सुटतच नाही, किंवा सिअर पूर्ण मोकळा न होता घासत सुटतो. पूर्ण सुटतोय याची खात्री झाली की आणखी पाव फेरा मागे, तिथे ठेवा.

आता हातात घेऊन

आकडे जमल्यावर मगच बोटाचं मत विचारा, आणि तेही झाकून. दुसऱ्या माणसाने पिस्तूल हातात द्यायचं, नेमबाजाचे डोळे मिटलेले, प्रत्येकी वीस ड्राय-फायर. मूठ ओळखू येते, त्यामुळे चाचणी पूर्ण आंधळी होत नाही, पण किंमत आणि रंग तरी नजरेआड राहतात. नंतर कोरा पांढरा कागद लावून प्रत्येकी वीस शॉट. समोर काळा गोल नसला की मन ट्रिगरवर राहतं.

गुणांची चाचणी शेवटी, दहा-दहाच्या मालिका. एका पिस्तुलाला क म्हणा, दुसऱ्याला ख; आधी क, मग ख, ख, क. नुसतं क आणि मग ख केलं तर दमल्या हाताचा दोष नेहमी दुसऱ्या पिस्तुलावर जातो. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, ख-क-क-ख. प्रत्येकी चाळीस शॉट होतात.

या चाळीस शॉटांच्या बेरजेवर मात्र उड्या मारू नका. सरासरी ९.२ च्या आसपास खेळणाऱ्याचा एकेक शॉट पाऊण गुणाने खाली-वर होतच असतो. त्या हिशेबाने एकाच पिस्तुलाने दोनदा चाळीस शॉट मारले तरी बेरजेत सहा-सात गुणांचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. तीन गुणांच्या फरकावर "नव्याने खेळ सुधारला" म्हणणाऱ्याने पिस्तूल घ्यावं, पण कारण दुसरं शोधावं.

त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे शॉट-कॉल. शॉट सुटताच, मॉनिटर किंवा लक्ष्य न बघता, शॉट कुठे गेला असेल ते कागदावर टिंब देऊन दाखवायचं. मग खरी जागा बघायची आणि दोन्हीतलं अंतर मोजायचं. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिमीने वाढतं, त्यावरून अंदाज येतो. हात हलला तर टिंबही हलतं, म्हणून हाताचा दोष यातून बराचसा वजा होतो. कॉल आणि शॉट यांत वारंवार एकाच दिशेने फरक पडत असेल, उदाहरणार्थ उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट कॉलपेक्षा सतत खाली-डावीकडे, तर भिंत ओलांडताना बोट झटका देतंय. दुसऱ्या टप्प्याचं वजन थोडं कमी करून पहिल्यात घाला आणि पुन्हा दहा शॉट मारा. तरी तसंच राहिलं तर पट्टीची जागा बदला. पिस्तूल बदलायची पाळी त्यानंतर.

टेबलावर टेकवून मारलेल्या शॉटांच्या गटाचा ट्रिगरशी संबंध नाही. त्याने नळी आणि पेलेट कळतात, आणि विकणारा नेमका तोच कागद दाखवतो.

खानदेशचं हवामान आणि ट्रिगर

परदेशी पुस्तिकेतलं "हलकं तेल लावा" हे वाक्य आपल्याकडे जपून वाचावं लागतं. वैशाखात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, धूळ बारीक असते आणि हंगामात जिनिंगच्या आसपासच्या हवेत कापसाचे तंतू तरंगतात. सिअरवर तेलाचा थेंब पडला की ही सगळी मंडळी त्यावर बसून पेस्ट होते. क्रीपमधल्या खरखरीचं सगळ्यात सामान्य कारण हेच. आवृत्तीचा त्यात काही संबंध नाही. ट्रिगरच्या खिळीला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल, तेही पुस्तिकेत सांगितलं असेल तर. जाड ग्रीस लावलेलं पिस्तूल पौषातल्या पहाटे वेगळं वजन दाखवतं आणि दुपारी वेगळं, म्हणून दोन पिस्तुलं मोजायची तर एकाच खोलीत, तासभर ठेवून मग. श्रावणात स्पंजच्या खोक्यात ओल धरते आणि सिअरच्या धारेवर गंजाचा ठिपका येतो. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा.

सिलिंडर लावलेलं पिस्तूल उन्हात बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशाला २०० बारने भरलेला सिलिंडर ६५ अंशाला २२५ बारच्या पुढे जातो.

जुनं घेणार असाल तर

सिअरची धार भिंगाखाली बघा. गोलाई आली असेल, किंवा कोणी पॉलिश पेपर, दगड फिरवल्याच्या रेघा असतील, तर ते पिस्तूल सोडा. सिअरचा वरचा कठीण थर एकदा गेला की आज चकचकीत सुटणारा ट्रिगर पुढच्या हंगामात आपोआप हलका होत जातो. तपासायची सोपी युक्ती: चार्ज द्या, पेलेट नको, नळी सुरक्षित दिशेला, आणि तळहाताने मुठीवर बाजूने थापट्या मारा. शॉट सुटला तर सिअरची पकड अपुरी आहे. पकडीचा स्क्रू वाढवून सुटणं थांबलं तर ठीक, न थांबलं तर नवीन भाग लागणार. त्या आवृत्तीचे भाग अजून मिळतात का, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा असतो.

इलेक्ट्रॉनिक असेल तर जुनी बॅटरी काढून स्वतः आणलेली नवी घाला आणि मग साठ शॉटांची पूर्ण मालिका एका बैठकीत मारा. पाच शॉटांत न दिसणारा बिघड चाळिसाव्या शॉटला दिसतो. साठ शॉटांना ७५ मिनिटं मिळतात, त्यात दुरुस्तीला वेळ कुठून आणणार? टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि तिचा मोलाचा वेळ गेला, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात. ती मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत पिस्तुलाच्या भावातून वजा करूनच बोला.

घेतल्यावर एकूण वजन ५१५ ते ५२० वर ठेवा. ५०१ वर ठेवलेला ट्रिगर घरी पास होतो आणि स्पर्धेच्या सकाळी तिसऱ्या प्रयत्नालाही वजन उचलत नाही. स्पर्धा संपल्यावरही अचानक तपासणी होते आणि तिथे नापास झालं की गुण कितीही असोत, बाद. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे वजन न लावता कळतं. पहिली फेरतपासणी पेलेटचा ५०० चा डबा संपल्यावर करा, त्यानंतर प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी.